घर दाखवण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. पार्ले पूर्वेतील एका जुन्या इमारतीतून रात्री अकरा वाजता बोलावणे आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजींना धाप लागली होती. दुसऱ्या दिवशी घर पाहायला गिऱ्हाईक येणार, म्हणून ओल्या भिंतीचे पोपडे खरवडून त्यावर घाईने पुट्टी आणि रंग चढवला होता. कपाटांत डांबरगोळ्या, खोलीत सुगंधी फवारा आणि खिडक्या बंद. जुना दमा उसळायला आणखी काय हवे? नेब्युलायझरनंतर तासाभराने श्वास स्थिरावला.

घर विकताना ते नीटनेटके असावे, यात वावगे काही नाही. परंतु रंगाने ओल झाकली जाते, सुकत नाही. आपल्याकडे नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिमेच्या भिंतींवर थेट आदळतो. तडे आणि गळके नळ तसेच राहिले, तर नव्या रंगावरही बुरशी धरते. ओलसर घरांत श्वसनविकार व दमा अधिक आढळतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली मार्गदर्शक सूचनांत नमूद केले आहे. म्हणून आधी गळती थांबवावी, भिंत पूर्ण सुकू द्यावी, मगच रंग द्यावा. रंगकाम चालू असताना दम्याच्या रुग्णाला आप्तांकडे ठेवावे आणि खिडक्या उघड्या असाव्यात.

न्हाणीघर चकचकीत करताना संडास धुण्याचे आम्ल आणि ब्लीच कदापि एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. पाहुणे येण्याच्या तोंडावर फरशी ओली ठेवू नये. ‘बरे दिसत नाही’ म्हणून आजोबांची काठी, कमोडजवळचा आधाराचा दांडा किंवा उशाशी असलेली औषधे हलवू नयेत. सवयीची वस्तू हाताला लागली नाही, की रात्री तोल जातो आणि या वयात खुब्याचे हाड मोडणे जिवावर बेतू शकते.

त्या आजींच्या मुलाने रविवारी गिऱ्हाइकाला ओलीची भिंत स्वतःहून दाखवली. त्यांच्या मुलीलाही दमा होता. व्यवहार त्या दिवशी झाला नाही. इमारतीच्या बाहेरून दुरुस्ती झाल्यावर, महिन्याभराने झाला. किमतीत थोडे कमी-जास्त झाले, असे मुलगा म्हणाला. ज्या खोलीत आपली आई धापा टाकत होती, त्याच खोलीत उद्या कुणाचे तरी लेकरू निजणार आहे, हे मात्र त्याला रंगाखाली झाकता आले नाही.