गुडघा, रक्त आणि वीस मिनिटे

जुलै २०२५ मध्ये भारतीय महिला फुटबॉल संघाने चियांग माई येथे यजमान थायलंडला २-१ असे हरवले आणि पात्रता फेरी जिंकून आशिया चषकात पहिल्यांदाच स्थान मिळवले. त्या मोहिमेत खेळलेली सौम्या गुगुलोथ तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्याची, लंबाडी समाजातली. २०२२ मध्ये ती आणि मध्य प्रदेशातली ज्योती चौहान क्रोएशियातल्या दिनामो झाग्रेब क्लबकडे गेल्या. पुढे सौम्याने ईस्ट बंगालकडून इंडियन विमेन्स लीगचे विजेतेपद मिळवले आणि २०२५ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने तिला वर्षातली सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून गौरवले.

हे नाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीत आवर्जून सांगायला हवे. माणिकगड पहाडावरचा हा तालुका तेलंगणाला इतका चिकटून आहे की त्याची काही गावे दोन्ही राज्ये आपली म्हणतात. इथे गोंड-कोलामांचे गुडे आहेत, तसेच बंजारा तांडेही आहेत. चढ-उतारावर वाढलेल्या इथल्या मुलींच्या पायात दम आहे का, हा प्रश्नच नाही. त्या पायांची काळजी कोण घेणार, हा खरा प्रश्न आहे.

फुटबॉलपटू मुलीची कारकीर्द बहुधा तेराव्या-चौदाव्या वर्षी आकार घेऊ लागते. नेमक्या त्याच वयात तिचा गुडघाही नाजूक वळणावर असतो. वयात येताना मुलींची कंबर रुंदावते, उंची आणि वजन वाढते. पण मुलांप्रमाणे स्नायूंचे बळ त्याच वेगाने वाढत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या मानाने मागचे कमी पडतात. उडी मारून खाली येताना किंवा पळता पळता एकदम दिशा बदलताना गुडघा आत झुकतो आणि सांध्याला आतून धरून ठेवणारा पुढचा अस्थिबंध, ज्याला डॉक्टर ‘एसीएल’ म्हणतात, तो तुटतो. अनेकदा समोरच्या खेळाडूचा धक्काही लागलेला नसतो. ही दुखापत मुलींना आणि स्त्रियांना पुरुष खेळाडूंच्या दुपटीहून अधिक प्रमाणात होते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

स्पेनची अलेक्सिया पुतेयास जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरली आणि जुलै २०२२ मध्ये युरो स्पर्धेच्या आदल्या दिवशी सरावात तिचा हाच अस्थिबंध तुटला. मैदानावर परतायला तिला नऊ महिन्यांहून अधिक काळ लागला. तिच्या मागे बार्सिलोनासारखा क्लब, शल्यचिकित्सक आणि फिजिओथेरपिस्टची फौज होती. पहाडावरच्या मुलीला हाडांच्या तज्ज्ञासाठी आधी चंद्रपूर आणि मग कदाचित नागपूर गाठावे लागणार. बहुतेकदा तेवढेही होत नाही. ‘पाय मुरगळला’ म्हणून हळद-तेल लावले जाते, सूज उतरते, मुलगी पुन्हा खेळायला जाते आणि गुडघा पुन्हा निसटतो. त्यानंतर घरचे खेळ बंद करतात. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? लंगडणाऱ्या मुलीचे लग्न कसे होणार, ही भीती त्यांच्यासाठी खरी असते.

यावरचा उपाय मात्र स्वस्त आहे. ‘फिफा ११ प्लस’ हा वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे. त्यात संथ धावणे, एका पायावर तोल सांभाळणे, पोट-पाठीचे व्यायाम, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम आणि गुडघे आत न झुकवता उडी मारून उतरणे असते. जिम लागत नाही, यंत्रे लागत नाहीत. नॉर्वेतल्या तेरा ते सतरा वर्षांच्या सुमारे १,९०० मुलींवर झालेला अभ्यास २००८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. हा वॉर्म-अप करणाऱ्या संघांत एकूण दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने कमी होत्या आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्या. अट एवढीच, की तो नियमाने व्हावा आणि मुलींचे गुडघे नीट सरळ राहताहेत का, हे बघणारे कोणी समोर असावे.

दुसरा प्रश्न रक्ताचा. वरच्या दर्जाच्या सामन्यात खेळाडू सुमारे दहा किलोमीटर पळते. त्यासाठी स्नायूंना प्राणवायू पोहोचवणारे हिमोग्लोबिन लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. पाळीत लोह जाते, सरावात गरज वाढते, ताटात मात्र भात आणि पातळ वरण. अशी मुलगी दुसऱ्या अर्ध्यात दमते आणि प्रशिक्षक तिला ‘स्टॅमिना नाही’ म्हणून बाहेर बसवतो.

चंद्रपूर-गडचिरोलीत त्यात सिकलसेलची भर पडते, म्हणून हिमोग्लोबिन कमी दिसले की लोहाची गोळी, एवढ्यावर इथे भागत नाही. सिकलसेलच्या रुग्णाचा रक्तक्षय वेगळ्या कारणाने होतो. त्याच्या तांबड्या पेशीच लवकर नष्ट होतात. वाहक मुलीला मात्र फुटबॉल वर्ज्य नाही. पुरेसे पाणी, उन्हात विश्रांती आणि सराव हळूहळू वाढवणे, एवढी खबरदारी पुरते. पण ती वाहक आहे हे आधी माहीत तर हवे. अमेरिकेत २००६ मध्ये एका विद्यापीठाचा वाहक फुटबॉलपटू सरावानंतर दगावला. त्यानंतर २०१० पासून तिथल्या अव्वल श्रेणीच्या महाविद्यालयीन खेळाडूंची ही तपासणी होऊ लागली. आपल्याकडे वाहकांना पिवळे आणि रुग्णांना लाल कार्ड दिले जाते. फुटबॉलमध्ये या रंगांचा अर्थ वेगळा आहे, हे मुलींना आणि त्यांच्या शिक्षकांना समजावून सांगावे लागेल.

तिसरी गोष्ट, पोटभर अन्न. सराव भरपूर आणि जेवण अपुरे असे महिनोन्‌महिने चालले तर शरीर पाळी थांबवते, हाडे ठिसूळ होतात. पाळी बंद झाली म्हणजे ‘कटकट गेली’ असे समजणाऱ्या मुली आणि प्रशिक्षकही आहेत. खरे तर तो धोक्याचा इशारा असतो. अंडी, डाळ, शेंगदाणे, पालेभाजी हवीच. जेवणाबरोबर लिंबू किंवा इथल्या जंगलातला आवळा असला की अन्नातले लोह अधिक शोषले जाते. जेवणाला लागून घेतलेला चहा ते अडवतो.

हे जिवतीत शक्य नाही असे कोणी म्हणू नये. मे २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ मोहिमेतून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले. त्यांना आधी काही महिने टप्प्याटप्प्याने, डोंगर चढायला लावून तयार केले होते. फुटबॉलला शिखराएवढा खर्च नाही. प्रवेशाच्या वेळी हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी, क्रीडा शिक्षकाला दोन-तीन दिवसांचे प्रशिक्षण आणि संध्याकाळी मैदानावर पहिली वीस मिनिटे. नवे शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते. त्याआधी प्रकल्प कार्यालयाने हे परिपत्रक काढायला हरकत नसावी.