दोन राज्यांचा पैरा

द्वितीय वर्ष कला

पूर ओसरला की आपल्या भागात दोन गोष्टी हटकून सुरू होतात. एक पंचनामे आणि दुसरी अलमट्टीवरची चर्चा. धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटर असावी की ५२४.२५६, पाणी किती लाख क्यूसेकने सोडले, कधी सोडले, हे पारावर बसलेल्या म्हाताऱ्यालाही तोंडपाठ असते. वडनेरे समितीने २०२० साली अलमट्टी हे महापुराचे कारण नव्हे असा निष्कर्ष काढला. तो पुष्कळांना पटला नाही. हा वाद तज्ज्ञांचा आहे आणि त्यात पडण्याइतका माझा अभ्यास नाही. मला वेगळाच प्रश्न पडतो. पाणी कोणाचे यावर दोन राज्ये पन्नास वर्षे भांडत आली, लवादांपुढे उभी राहिली. पण पुरात बुडणारा माणूस कोणाचा, यावर ती कधी समोरासमोर बसली आहेत का?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि पुण्याकडून येणारी वाट बंद झाली. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढणारी नावच उलटली. त्या दिवसांत मी शाळेत होते. आमचे गाव शिरोळ तालुक्यात आहे, आणि दूधगंगेपलीकडे चिकोडी तालुक्यात माझी मावशी दिली आहे. एरवी आम्ही सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतो. बाजार तिकडचा, दवाखाना इकडचा, सोयरीक दोन्हीकडची. मावशी कन्नडमध्ये भांडते आणि मराठीत रडते, असे आमच्या घरात थट्टेने म्हणतात.

आमच्या वस्तीला पाण्याचा वेढा पडला तेव्हा सर्वांत जवळची यांत्रिक नाव पलीकडच्या काठाला होती. गावातल्या जाणत्या माणसांनी फोन केले. उत्तर आले, ‘आम्हाला वरून हुकूम लागेल.’ अखेर दुसऱ्या दिवशी आमच्याच जिल्ह्यातली नाव आली आणि माणसे निघाली. आमची एक म्हैस आणि शेजारच्या दोन गाई मात्र गेल्या. गावात पुष्कळ दिवस त्या नाववाल्यांना शिव्या पडत होत्या. मला मात्र आज वाटते की त्यांचे चुकले नव्हते. तिकडेही पूर होताच. शिवाय त्यांची नाव आमच्या हद्दीत उलटली असती, तर जबाबदार कोण? नावेवरचा माणूस दगावला असता, तर त्याच्या बायकोला भरपाई कोणत्या सरकारने द्यायची? डिझेलचे बिल कोणत्या कचेरीत लावायचे? या प्रश्नांची उत्तरे कागदावर नसली की भला माणूससुद्धा हुकमाची वाट पाहतो.

या प्रश्नांची उत्तरे अगोदर लिहून ठेवता येतात, हे राज्यशास्त्राचा अभ्यास करताना कळले. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याला ऑगस्ट १९९२ मध्ये ‘अँड्र्यू’ नावाच्या चक्रीवादळाने झोडपले. त्यानंतर दक्षिणेकडील राज्यांच्या गव्हर्नरांनी एकत्र येऊन १९९३ मध्ये परस्पर साहाय्याचा करार केला. पुढे तो सर्व राज्यांना खुला झाला आणि १९९६ साली तिथल्या काँग्रेसने त्याला मान्यता दिली. ‘इमर्जन्सी मॅनेजमेंट असिस्टन्स कॉम्पॅक्ट’ असे त्याचे लांबलचक नाव आहे. (आणीबाणी हा शब्द आपल्याकडे फार बदनाम आहे, म्हणून मी त्याला आपत्ती साहाय्य करार म्हणते.) आज पन्नासही राज्ये त्यात आहेत.

या करारात तेरा कलमे आहेत. मदत तोंडी मागितली तरी चालते, मात्र तीस दिवसांच्या आत ती लेखी द्यावी लागते. मदतीला आलेल्या डॉक्टरचा किंवा अभियंत्याचा आपल्या राज्यातला परवाना दुसऱ्या राज्यातही ग्राह्य धरला जातो. आलेली माणसे आपल्याच अधिकाऱ्यांच्या हाताखाली राहतात, पण काम मदत मागणाऱ्या राज्याच्या यंत्रणेच्या देखरेखीखाली करतात. त्यांनी सद्भावनेने केलेल्या कामात काही बिघडले तर त्यांना कोर्टात खेचता येत नाही. माणूस जखमी झाला किंवा दगावला तर भरपाई त्याचे स्वतःचे राज्य देते, बाकीचा खर्च मदत मागणारे राज्य देते. आणि मला सर्वांत शहाणपणाचे वाटलेले कलम असे, की स्वतःच्या लोकांच्या संरक्षणाला लागेल तेवढी साधने राज्य आपल्यापाशी राखून ठेवू शकते. म्हणजे आपले घर बुडत असताना दुसऱ्याकडे धावण्याची सक्ती नाही.

२००५ साली ‘कॅटरिना’ वादळात या कराराखाली सुमारे ६६ हजार माणसे मुख्यतः लुइझियाना आणि मिसिसिपी या राज्यांत मदतीला गेली. सगळे सुरळीत झाले असे नाही. झालेला खर्च परत मिळायला कित्येक राज्यांना फार वाट पाहावी लागली. पण तो वाद मागाहून हिशेबाच्या वहीत झाला, पाण्याच्या काठावर झाला नाही.

मी हे सारे घरी वडिलांना सांगितले. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत, आणि घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. ते म्हणाले, ‘मग हा पैराच की!’ खरोखर, याहून नेमका शब्द मला सुचला नसता. एकाची बैलजोडी आज दुसऱ्याच्या रानात, उद्या दुसऱ्याची याच्या रानात. भाकरी ज्याचे रान त्याने द्यायची. ज्याच्याशी बांधावरून कोर्टात दावा चालू आहे, त्याच्याशीही पैरा होतो, कारण पेरणीचा वाफसा दाव्याच्या तारखेसाठी थांबत नाही.

बांधाच्या दाव्याचा मुद्दा मी मुद्दाम सांगते. कारण ‘कर्नाटकाशी करार म्हणजे सीमाप्रश्नावर पाणी सोडणे’ असा आक्षेप आमच्याच वर्गात निघाला. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला आहे, आणि तो चालावा. परंतु फ्लोरिडाने शेजारच्या जॉर्जियावर नदीच्या पाण्यासाठीच २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. निकाल लागायला २०२१ उजाडले. ती सर्व वर्षे दोन्ही राज्ये आपत्ती साहाय्य करारात होती.

दुसरा आक्षेप असा, की आपल्याकडे २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आहे, मग आणखी कागद कशाला? त्या दलाच्या जवानांबद्दल आमच्या भागात कोणीही वावगे बोलणार नाही. पण त्यांची आपल्याला जवळची तुकडी पुण्याजवळ आहे. पहिल्या रात्री पोहोचतो तो शेजारी.

समजूतदारपणा दोन्ही राज्यांत नाही असेही नाही. जून २०२१ मध्ये आपले तत्कालीन जलसंपदामंत्री जयंत पाटील बेंगळुरूला जाऊन मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना भेटले, आणि पाणीपातळीची माहिती वेळच्या वेळी एकमेकांना द्यायचे ठरले. ही फार चांगली गोष्ट झाली. परंतु तिचा विषय पाणी हा होता. नाव, डॉक्टर, वीजदुरुस्तीची माणसे हा नव्हता. शिवाय महिन्याभरातच, जुलैच्या पुरातच, येडियुरप्पांनी राजीनामा दिला. पुढच्या वर्षी आपल्याकडचे मंत्रिमंडळही गेले. खुर्चीवरचा माणूस बदलला की नव्या माणसाने जुना शब्द किती पाळायचा, हे त्याच्या मनावर राहते. सहीशिक्क्याच्या कराराचे तसे नसते.

आणि देणेघेणे एकतर्फी होईल अशीही भीती नको. पावसाळ्यात आपण खाली पाहतो, तसे उन्हाळ्यात कर्नाटक वर पाहते. कृष्णाकाठच्या तहानलेल्या गावांसाठी कोयना-वारणेचे पाणी सोडा, अशी मागणी तिकडून येत असते. ज्याला उन्हाळ्यात मागायचे आहे आणि ज्याला पावसाळ्यात मागायचे आहे, अशा दोघांचा पैरा जमायला खरे तर हरकत नसावी.

मुंबई-बेंगळुरूने करार करेपर्यंत थांबावे असे मला वाटत नाही. निदान कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव या जिल्ह्यांनी मे महिन्यात एकदा बसून कोणत्या घाटावर कोणाच्या किती नावा आहेत, फोन कोणी कोणाला करायचा आणि डिझेलचे पैसे कोणी भरायचे, एवढे तरी मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून काढावे. राज्यशास्त्राच्या सरांनी असा नमुना मसुदा वर्गात तयार करायला होकार दिला आहे. कन्नड लिहिता येणारी तीन मुले आमच्याच वर्गात आहेत. नावांची यादी करायला मात्र काठाकाठाने फिरावे लागेल, आणि त्यासाठी इतर वर्गांतली मुले हवी आहेत.