मोठ्या कुत्र्याला गळपट्टा की छातीपट्टा?



मार्गशीर्ष अमावस्येच्या सुमारास नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा तालुक्यात, माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे, लाल कंधारी आणि देवणी जनावरे यांची गर्दी असते. खंडोबाजवळ कुत्रा असतोच, तेव्हा यात्रेत कुत्र्यांचेही प्रदर्शन भरते यात नवल नाही. आपल्या भागातील कारवान आणि पश्मी जातीचे कुत्रे तेथे पाहण्यासारखे असतात. चाकूर तालुक्यातील जानवळसारखी गावे या कुत्र्यांसाठी ओळखली जातात. शिवाय अलीकडे शेतातल्या आखाड्यावर राखणीला अल्सेशियन, डॉबरमन, लॅब्रॅडॉरही दिसू लागले आहेत.

असा मोठा कुत्रा दोरीने धरून रस्त्याने न्यायचा, तर त्याला बांधायचे कशाने? घरात सापडेल ते सुतळीचे वेटोळे, बैलाचा जुना कासरा किंवा बाजारातली लोखंडी साखळी गळ्यात अडकवली की झाले, असे आपण धरून चालतो. बैलाची वेसण, घोड्याचा लगाम, जुवाच्या सापत्या आपण पारखून घेतो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र तेवढा विचार होत नाही. कुत्रा सुटला तर एखाद्याची शेळी फाडतो, मोटारीखाली सापडतो, किंवा दोरी धरणाऱ्या पोराला फरफटत नेतो. म्हणून या वेळी या विषयाची नीट माहिती घेऊ.

दोन प्रकारची साधने

पहिले साधन गळपट्टा, म्हणजे मानेभोवती बसणारा पट्टा. दुसरे छातीपट्टा. दुकानात याला हार्नेस म्हणतात. छातीपट्ट्याचा एक पट्टा छातीवरून येतो, दुसरा पुढच्या पायांच्या मागून घोड्याच्या तंगासारखा पोटाखालून जातो, आणि दोरी पाठीवरच्या किंवा छातीवरच्या कडीत अडकवतात.

या दोहोंतला फरक एका वाक्यात सांगायचा तर असा : गळपट्ट्यात ओढ नरड्यावर येते, छातीपट्ट्यात ती छातीच्या हाडावर आणि बरगड्यांवर विभागते.

नरडे नाजूक असते. कुत्रा सतत ओढत चालला की श्वासनलिका दाबली जाते, तो खोकतो, घरघरतो. जोराचा हिसका बसला तर मानेच्या मणक्यांना इजा होऊ शकते. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले, की गळपट्ट्यावर ओढ आली असता कुत्र्याच्या डोळ्यांतील दाब वाढतो, छातीपट्ट्यात तसा वाढत नाही. म्हणून ज्याचे डोळे अधू आहेत, जो म्हातारा आहे किंवा ज्याला खोकला आहे, अशा कुत्र्याला गळ्याने ओढू नये.

मग सरसकट छातीपट्टाच का नको?

इथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. टांग्याच्या घोड्याला छातीवर पट्टा कशासाठी बांधतात? त्याने अंगाचा सगळा जोर लावून ओझे ओढावे म्हणून. बर्फाच्या मुलखात घसरगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांनाही याच कारणासाठी छातीपट्टा घालतात. तेव्हा दोरी पाठीवरच्या कडीत अडकवली, की ओढाळ कुत्र्याला आपण ओढण्याची सोयच करून देतो. तीस किलोचा कुत्रा असा जोर लावू लागला तर धट्टाकट्टा गडीही पुढे खेचला जातो.

यावर उपाय म्हणजे छातीवर पुढच्या बाजूला कडी असलेला पट्टा. त्या कडीत दोरी अडकवली, की कुत्रा पुढे झेपावताच त्याचे अंग आपल्याकडे वळते. सरळ जोर लावता येत नाही, म्हणून ओढ कमी होते. ओढाळ आणि जड कुत्र्यासाठी, विशेषतः घरातील बायामाणसांना किंवा वडीलधाऱ्यांना तो न्यावा लागत असेल तर, पुढच्या कडीचा छातीपट्टा अधिक बरा.

जो कुत्रा शिकलेला आहे, दोरी ढिली ठेवून बाजूने चालतो, त्याला रुंद व मऊ गळपट्टा पुरतो.

कारवान आणि पश्मीची गोष्ट वेगळी

आपल्या भागातील या कुत्र्यांचा बांधा लक्षात घ्या. डोके लांबट व अरुंद, मान लांब, छाती खोल आणि कंबर एकदम बारीक. उंची खांद्याशी दोन ते अडीच फूट. डोके आणि मान यांच्या जाडीत फारसा फरक नाही. त्यामुळे साधा गळपट्टा त्यांच्या डोक्यावरून सहज निघतो.

पुष्कळांची समजूत अशी, की कुत्रा पुढे पळून सुटतो. प्रत्यक्षात तो बहुधा मागे सरकून सुटतो. यात्रेत हलगी वाजली, फटाका उडाला, शेजारून घोडा उधळला, की तो बिचकतो, डोके खाली घालतो आणि चार पावले मागे सरकतो. पट्टा कानांवरून निघून हातात राहतो आणि कुत्रा गर्दीत नाहीसा होतो.

ते होऊ नये म्हणून या जातीला दीड ते दोन इंच रुंद पट्टा घ्यावा आणि तो मानेच्या वरच्या भागात, कानांच्या लगेच मागे बसवावा. खाली खांद्याकडे पट्टा ढिला लोंबत असेल तर त्याचा उपयोग नाही. याहून चांगला म्हणजे दोन कड्यांचा पट्टा. याला मार्टिंगेल म्हणतात. यात मोठ्या वेढ्याला एक छोटा वेढा जोडलेला असतो आणि दोरी छोट्या वेढ्याला लावतात. कुत्रा मागे सरकला की मोठा वेढा मानेइतका आवळतो आणि तेथेच थांबतो. गळा आवळत नाही आणि डोकेही निघत नाही. मात्र मोठा वेढा मापाप्रमाणे बसवलेला हवा. हा पट्टा फक्त फिरवताना घालावा. एकटा असताना कुत्रा झुडपात किंवा तारेत अडकला तर पट्टा आवळतो.

छातीपट्टा घ्यायचा तर या जातीला साधा दोन पट्ट्यांचा चालत नाही. कंबर बारीक असल्याने कुत्रा त्यातूनही मागे सरकून निघतो. बरगड्या संपतात तेथे कमरेवर तिसरा पट्टा असलेला घ्यावा. छाती खोल असल्यामुळे तो पट्टा पुढे सरकत नाही. यांची कातडी पातळ असते, म्हणून काखेत काच पडतो. पट्ट्याला आतून मऊ कापडाचे अस्तर लावून घ्या.

आणखी एक. ससा किंवा हरिण दिसले की हा कुत्रा क्षणात भरधाव सुटतो. त्याच्या गळपट्ट्याला लांब कासरा लावून मोकळे सोडले, तर कासरा संपतो तेथे सगळ्या वेगाचा हिसका एकट्या मानेला बसतो. लांब दोर लावायचाच तर छातीपट्ट्याच्या पाठीवरच्या कडीला लावा. आणि हेही ध्यानात असू द्या, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची किंवा काळविटाची शिकार हा गुन्हा आहे. कुत्र्याने केली तरी जबाबदारी धन्याची.

काय वापरू नये

सुतळी, तार किंवा बारीक नायलॉनची दोरी गळ्यात कधीही बांधू नये. पिलू वाढते, दोरी वाढत नाही. ती कातडीत रुतते, जखम होते, माशी बसते आणि अळ्या पडतात. केसांखाली हे लवकर दिसतही नाही. वाढत्या पिलाचा पट्टा दर आठवड्याला बोट घालून पाहावा.

सरकफासाची साखळी आणि आतल्या बाजूला टोके असलेला पट्टा टाळावा. सरकफास कुठे थांबायचे ते जाणत नाही. दुखले की कुत्रा समोर जो असेल त्याच्यावर राग काढतो. समोर एखादे लहान मूल असू शकते. हिमालयात मेंढपाळ कुत्र्याला लोखंडी खिळ्यांचा पट्टा घालतात, पण त्याचे खिळे बाहेरच्या बाजूला, बिबट्याने मान धरू नये म्हणून असतात. तो प्रकार निराळा.

माप कसे घ्यावे

सुतळी घ्या. मानेचा वरचा घेर, मानेच्या बुडाशी असलेला घेर आणि पुढच्या पायांच्या मागे छातीचा सर्वांत मोठा घेर अशी तीन मापे घेऊन पट्टीवर मोजा. कागदावर लिहून दुकानात न्या. शक्य असेल तर कुत्राच न्या. पट्टा बसवल्यावर खाली दोन बोटे सपाट जावीत. तीन-चार जात असतील तर ढिला, एकही जात नसेल तर घट्ट. छातीचा पट्टा छातीच्या मधल्या हाडावर यावा. खांद्यावर आडवा आला तर कुत्र्याची चाल बिघडते.

चामड्याचे काम करणारा कारागीर गावात असेल तर त्याच्याकडूनही पट्टा करून घेता येतो. टाके दुहेरी हवेत आणि कडी जोड दिलेली, न उकलणारी हवी. विकत घ्या की करून घ्या, वापरण्यापूर्वी पट्टा खांबाला बांधून दोरीला अंगाच्या जोराने चार हिसके द्या. जे तुटायचे ते तेव्हाच तुटू द्या.

हातातली दोरी आणि चाल

दोरी चार ते पाच फूट, सुती आणि हाताला भरेल इतकी जाड असावी. हूक फिरकीचा असावा, म्हणजे पीळ पडत नाही. दोरी मनगटाला किंवा बोटांना गुंडाळू नये. कुत्रा झेपावला तर हाड मोडते. यात्रेला किंवा बाजाराला नेताना दोन हूक लावावेत, एक गळपट्ट्याला आणि एक छातीपट्ट्याला. एक निघाला तरी दुसरा धरून ठेवतो.

लहान मुलाच्या हाती एकट्याने मोठा कुत्रा देऊ नये. मोटारसायकलला बांधून कुत्रा पळवू नये. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गळ्याने तर मुळीच बांधू नये. कुत्र्याने बाहेर उडी मारली तर तो जागीच फासावर लटकतो. तेथे छातीपट्टाच घालावा, आणि दोरी इतकी आखूड की कडेपर्यंत पोचू नये.

नवा पट्टा घातल्या घातल्या रस्त्यावर नेऊ नका. गोऱ्ह्याला औताची सवय आपण एका दिवसात लावत नाही. पहिले काही दिवस भाकरी घालताना थोडा वेळ पट्टा चढवा. मग आखाड्यावरच फिरवा. कुत्र्याने ओढले की आपण जागच्या जागी उभे राहावे. दोरी ढिली झाली की चालू लागावे आणि भाकरीचा तुकडा द्यावा. ओढल्याने वाट थांबते, एवढे त्याला कळले की निम्मे काम झाले. उन्हाळ्यात हे सगळे सकाळी लवकर करावे, तापलेल्या डांबराने पाय पोळतात.

फिरवून आणल्यावर छातीपट्टा काढून ठेवावा आणि काखेत, मानेखाली हात फिरवून पाहावा. गळपट्टा मात्र अंगावर राहू द्यावा, कारण त्यावर धन्याचे नाव आणि फोन नंबर लिहिता येतो.

थोडक्यात

१. शहाण्या, बाजूने चालणाऱ्या कुत्र्याला रुंद गळपट्टा.
२. ओढाळ व जड कुत्र्याला पुढच्या कडीचा छातीपट्टा.
३. कारवान, पश्मीला कानामागे बसणारा रुंद किंवा दोन कड्यांचा पट्टा, अथवा तीन पट्ट्यांचा छातीपट्टा.
४. म्हातारा, खोकणारा, डोळे अधू असलेला कुत्रा असेल तर छातीपट्टाच.
५. सुतळी, तार आणि सरकफास कोणालाही नको.

शेवटी एक गोष्ट. १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, जनावर अवास्तव आखूड वा जड साखळीने फार वेळ बांधून ठेवणे आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणे, हे दोन्ही गुन्हे सांगितले आहेत. राखणीचा कुत्रा दिवसभर खुंट्याला असेल तर सकाळ-संध्याकाळ त्याला फिरवून आणणे आपल्याकडे लागते. रात्रभर आपल्या ज्वारीची आणि गोठ्याची राखण करणाऱ्या मुक्या जनावराला एक नीट मापाचा पट्टा आणि रोजचा अर्धा तास देणे आपल्या कोणालाही जड नाही.