ब्लँकेट दिलं, पण ते दिवसा ठेवायचं कुठे?

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत सातपुड्याकडून गार वारा सुटला की आमच्या तळोद्यात ब्लँकेटवाटप सुरू होतं. एक मंडळ वाटतं, मग दुसरं वाटतं, मग एखाद्याच्या वाढदिवसाचं वाटप होतं. रात्री नऊला गाडी येते. झोपलेल्या माणसाला उठवून बसवलं जातं, त्याच्या अंगावर ब्लँकेट टाकलं जातं, चौघं मागे उभे राहतात, फोटो निघतो. साडेनऊला तो फोटो सगळ्या ग्रुपवर पोचलेला असतो. दहाला रस्ता परत मोकळा होतो.

हे मी कुणाला टोमणा मारायला लिहीत नाही. त्या फोटोत मीही होतो.

माझं शिवणकामाचं लहानसं दुकान आहे. समोर पत्र्याची शेड आणि तिच्या खाली ओटा. दोन हिवाळ्यांपूर्वी एक म्हातारे बाबा त्या ओट्यावर रात्री झोपायचे. वरच्या पाड्यावरचे होते. मुलगा आणि सून ऊसतोडीला गुजरातेत गेलेले. पाड्यावर पाहणारं कुणी नाही आणि खोकला थांबत नाही, म्हणून दवाखान्याच्या जवळ म्हणून ते गावात येऊन राहिले होते. आमच्या गटाने त्यांना ब्लँकेट दिलं, फोटो काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडलं, तर बाबा ब्लँकेटची घडी हातात घेऊन उभे.

"शेठ, हे दिवसा कुठं ठेवू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठवड्याभरात त्यांना तीन ब्लँकेटं मिळाली. तिन्ही खांद्यावर घेऊन ते दवाखान्याच्या रांगेत कसे उभे राहणार? एक हरवलं. एक त्यांनी चहा-पावाच्या बदल्यात देऊन टाकलं. ते कळल्यावर आमच्यातला एक जण म्हणाला, "बघा, विकून खाल्लं. यांना देऊन उपयोग नाही." मीही मान हलवली.

मग एक दिवस बाबा म्हणाले, "शेठ, ही पिशवी तरी आत ठेवून घ्या. कागद आहेत हिच्यात." मी म्हणालो, "बाबा, उद्या काही कमी-जास्त झालं तर माझ्यावर येईल." ते काही बोलले नाहीत. पंधरा दिवसांनी ते दवाखान्यात गेले असताना कुणीतरी कचरा समजून ती पिशवी उचलली. आधार कार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स, निराधार पेन्शनचं पासबुक, सगळं गेलं. त्यानंतर काही दिवसांनी बाबाही दिसेनासे झाले.

मार्चच्या शेवटी मुलगा परत आला आणि विचारत विचारत माझ्या दुकानाशी पोचला. "माझे वडील इथं झोपायचे का?" मी हो म्हणालो. ते कुठे गेले ते सांगता आलं नाही. त्यांच्या वडिलांचं पूर्ण नावही मला ठाऊक नव्हतं. तीन महिने माणूस माझ्या ओट्यावर झोपला, माझ्याकडे त्याचा फोटो होता आणि नाव नव्हतं. हरवल्याच्या तक्रारीला जोडायला मुलाने तो ब्लँकेटवाटपाचा फोटो माझ्या मोबाईलवरून घेतला. बाबा आजपर्यंत सापडलेले नाहीत.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे, आणि ते कुणाला आवडो न आवडो, मी मांडणार आहे. वर्षातून एकदा केलेलं ब्लँकेटवाटप ही बेघरांना मदत नाही. ती आपल्या मनाची सोय आहे. बेघर माणसाकडे कापड नसतं हे खरं, पण त्याहून जास्त त्याच्याकडे तीन गोष्टी नसतात: वस्तू ठेवायला जागा, ओळखीचा कागद आणि त्याला नावाने ओळखणारा माणूस. या तिन्ही गोष्टी द्यायला फार पैसा लागत नाही. रोज थोडी तसदी घ्यावी लागते, आणि ती आपल्याला नको असते.

आधी तळोद्यात बेघर कोण, हे पाहू. बेघर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईचा फूटपाथ येतो. जनगणनेच्या व्याख्येत मात्र जो उघड्यावर, रस्त्याकडेला, पुलाखाली, जिन्याखाली, स्टेशनवर किंवा देवळा-मशिदीच्या आवारात राहतो तो बेघर. २०११च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभर अशा लोकांची मोजणी झाली. देशात १७ लाख ७० हजारांहून जास्त आणि महाराष्ट्रात २ लाखांहून जास्त लोक सापडले. आता ती तारीख लक्षात घ्या. फेब्रुवारीच्या अखेरीस तळोदा, अक्कलकुवा, धडगावच्या पाड्यांवरची कितीतरी कुटुंबं गुजरातेतल्या उसाच्या फडात असतात. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन जोडपं, म्हणजे एक कोयता, ट्रकमध्ये बसतं. लेकरंही बरोबर जातात. चार-पाच महिने प्लास्टिकच्या कागदाखाली काढतात. कागदावर यांचं घर पाड्यावर असतं, पण त्याला कुलूप असतं. आणि ज्याला फडावर नेता येत नाही असा म्हातारा, आजारी, अपंग माणूस मागे राहतो. त्यातलाच कुणीतरी पुढे आपल्या ओट्यावर येतो.

याशिवाय ऊसतोडीच्या ट्रकची वाट पाहत रात्र रस्त्याकडेला काढणारी कुटुंबं आहेत. दवाखान्यात पेशंट आत आणि नातेवाईक बाहेर झाडाखाली, हे नेहमीचं दृश्य आहे. मुलांनी टाकलेल्या आया आहेत. मनाचा तोल गेलेला आणि कुठल्या गावाचा ते सांगू न शकणारा एखादा माणूस आहे.

"हे बाहेरचे लोक आहेत," असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. तळोद्याने तरी हे म्हणू नये. सरदार सरोवरामुळे अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. त्यातली किती कुटुंबं आपल्या तालुक्यात सोमावल, रोझवा, रेवानगर अशा वसाहतींत येऊन राहिली. गावंच्या गावं घरदार सोडून आपल्या शेजारी आली, हे आपण पाहिलेलं आहे. त्या माणसांनी पिकवलेलं आपण बाजारात घेतो आणि त्यांचाच म्हातारा आपल्या पायरीवर झोपला की तो बाहेरचा ठरतो.

दुसरा आक्षेप असतो, "सरकारच्या योजना आहेत की." आहेत, आणि त्या नीट वाचाव्यात. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवाऱ्याचा निकष ठरला तो असा: दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांसाठी, बारा महिने चोवीस तास उघडा निवारा. लाखाचा हिशेब आला की मोठी शहरं पुढे आणि आपण यादीच्या तळाशी. पण हाच हिशेब उलटा करून पाहा. पंचवीस-तीस हजार वस्तीच्या गावाला २५-३० जागा लागतात. तेवढ्यासाठी मंत्रालयाकडे डोळे लावून बसायचं? आपल्याकडे समाजमंदिरं आहेत, मंगल कार्यालयं आहेत, शादीखाना आहे, मदरशाची आणि शाळेची रिकामी पडणारी खोली आहे. लग्नाचा मुहूर्त नसेल त्या रात्री यातलं एक दार उघडायला काय हरकत आहे?

तिसरा आक्षेप दारूचा. "दिलं तर पितात." काही पितात. पक्क्या घरात राहणारेही पितात, त्यांचं छप्पर आपण काढून घेतो का?

चौथा आक्षेप आपल्याच घरातला आहे, आणि तो मोठ्याने बोलायला हवा. "आधी आपल्या समाजाचं पाहू." जकात कुणाला लागू होते याचे नियम जाणकारांना विचारा, त्यात मी पडत नाही. मात्र जकातीच्या हकदारांत मुसाफिराचं, वाटेत अडकलेल्या माणसाचं नाव आहे, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. आणि सदका, वेळ, ओटा, नळाचं पाणी, यांच्यावर जातीधर्माची अट कुणी घातलेली नाही. मुंबईत हज यात्रेकरू आणि परगावच्या लोकांसाठी आपल्या वडिलधाऱ्यांनी मुसाफिरखाने बांधले. त्याच महाराष्ट्रात गाडगेबाबांनी धर्मशाळा उभ्या केल्या आणि बेघराला आसरा देणं हाच धर्म असल्याचं सांगितलं. या दोन वाटा एकाच ठिकाणी पोचतात.

मग रोज करायचं काय? मी स्वतः करून पाहिलेलं आणि करता येण्यासारखं तेवढंच सांगतो.

पहिलं, नाव विचारा. आपलं नाव सांगा, त्यांचं विचारा. गाव कोणतं, पाडा कोणता, घरचं कोण आणि त्यांचा फोन नंबर काय, हे ते खुशीने सांगतील तर वहीत लिहून ठेवा.

दुसरं, पिशवी ठेवून घ्या. दुकानात एक फळी पुरते. आत काय आहे ते दोघांसमोर पाहा, चिठ्ठी लावा, म्हणजे "माझ्यावर येईल" ही भीती उरत नाही. कागदांच्या दोन झेरॉक्स काढा, एक त्यांना, एक तुमच्याकडे.

तिसरं, पाणी आणि संडास. बायामाणसांना रात्री जायला जागा नसते, म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नाहीत. वजूखान्याशेजारचा संडास, मंगल कार्यालयाची मोरी रात्री उघडी ठेवली, तर शंभर ब्लँकेटांपेक्षा मोठं काम होईल.

चौथं, कागदासाठी सोबत चला. पत्ता नसलेल्या माणसालाही मतदार होता येतं. निवडणूक आयोगाची पद्धत अशी आहे की नमुना ६मध्ये तो जिथे झोपतो ती जागा लिहायची, बीएलओने रात्री तिथे जाऊन तो खरंच तिथे झोपतो का ते एकाहून जास्त वेळा पाहायचं. मग पत्त्याचा वेगळा पुरावा लागत नाही. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेत दर महिन्याला पैसे मिळतात, त्याचा अर्ज तहसीलमध्ये होतो. रेशनकार्ड आता देशभर चालतं. फडावर गेलेल्यांनी आपला वाटा तिकडे उचलावा आणि घरी राहिलेल्या म्हाताऱ्याने त्याचा इथे उचलावा, हे शक्य आहे. अर्धं काम नुसतं बरोबर उभं राहिल्याने होतं. खिडकीवरचा माणूस त्यांच्याशी बोलतो त्यापेक्षा आपल्याशी नीट बोलतो. हे वाईट आहे, पण तोवर त्याचा उपयोग करून घ्या.

पाचवं, मनाने आजारी माणसाला हाकलू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७च्या कलम १०० प्रमाणे असा भटकणारा माणूस दिसला तर त्याला संरक्षण देणं आणि २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात नेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, आणि त्याच्या घरच्यांचा शोध घ्यावा लागतो. हे कलम सांगून ठाण्यात मदत मागा. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने अशा हजारो माणसांवर उपचार करून त्यांना घरी पोचवलं. त्याच कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे "याचं आता काही होणार नाही" हे आपलं म्हणणं खोटं आहे.

सहावं, "यांना उचलून न्या" असा फोन करण्याआधी विचार करा. १९५९चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. पोट भरण्याचं साधन दिसत नाही आणि माणूस सार्वजनिक जागी भटकतो, एवढ्यावर त्याला पकडता येतं आणि पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत डांबता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली दिल्लीपुरती या कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. आपल्याकडे ती आहेत. तुमच्या एका फोनने एखाद्याचा बाप तीन वर्षं आत जाऊ शकतो.

कुणी म्हणेल, हे सगळं एकट्यादुकट्याचं काम आहे, याने बेघरपणा संपणार नाही. नाहीच संपणार. पाड्यावर रोजगार मिळाला, मुकादमाच्या उचलीतून माणूस सुटला, तर तो कमी होईल, आणि त्यासाठी भांडलंच पाहिजे. पण ज्याला आपल्या ओट्यावरच्या माणसाचं नाव माहीत नाही, त्याने धोरणावर भाषण केलं तर ते कोण ऐकणार? माझं तरी मी ऐकणार नाही.

माझ्या दुकानात आता शिलाई मशिनच्या वर एक फळी आहे. आज तिच्यावर चार पिशव्या आहेत, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी शिवलेली आहे. खाली दोन ब्लँकेटं घडी करून ठेवलेली असतात. त्यांचे मालक संध्याकाळी येऊन ती घेऊन जातात. दोन वर्षांत माझ्यावर काही आलेलं नाही.

यंदा ब्लँकेटं वाटायला निघाल तेव्हा जरूर निघा, थंडी खरी असते. फक्त मोबाईल खिशात ठेवा आणि वही घेऊन या. आणि ब्लँकेट हातात देताना एवढं विचारा, "बाबा, हे दिवसा कुठं ठेवाल?" उत्तर मिळालं नाही, तर आपल्या दुकानाचा पत्ता सांगा.