उचलीची बेडी

सक्तीच्या श्रमातून निर्माण झालेला माल आपल्या बाजारात येऊ द्यावयाचा नाही, असा नियम युरोपीय संघाने २०२४ साली संमत केला. १४ डिसेंबर २०२७ हा त्याच्या अंमलाचा दिवस ठरविण्यात आला. ब्रिटनने २०१५ सालीच आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला होता; परंतु त्यातील वार्षिक निवेदनाचे बंधन ३ कोटी ६० लाख पौंड वा त्याहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांपुरतेच घालण्यात आले. युरोपच्या नव्या नियमात लहान-थोर हा भेद नाही. माल ज्या हातांनी झाला ते हात मोकळे होते की बांधलेले, एवढेच तेथे पाहिले जाईल. तेव्हा भोसरीतील वीस-पंचवीस माणसांच्या कारखानदारालाही परदेशी गिऱ्हाइकाच्या या प्रश्नाला आज ना उद्या उत्तर द्यावेच लागेल. ‘आपल्या पुरवठ्याच्या साखळीत सक्तीचे श्रम आहेत काय?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ असे लिहून, खाली सही-शिक्का करून कागद परत धाडणे अगदी सोपे आहे. ते ‘नाही’ कितपत खरे असेल, हा प्रश्न मात्र आम्ही या शहरातील उद्योजकांस आजच विचारू इच्छितो.

गुलामगिरी म्हटले की आपल्या सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे साखळदंड आणि अमेरिकेतील कापसाचे मळे उभे राहतात. जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला, तेव्हा त्यांची दृष्टी मात्र घरच्या दास्याकडे लागलेली होती. लग्नापुरते कर्ज काढून पुढे सावकाराच्या शेतावर वर्षानुवर्षे राबणारा ‘लग्नगडी’ हा ठाणे जिल्ह्यातलाच होता. त्या प्रथेविरुद्ध आणि वेठीविरुद्ध १९४५ साली डहाणू-उंबरगावचे वारली गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. तरीही १९८० नंतरच्या दशकात त्याच जिल्ह्यातील आदिवासी वेठबिगारांच्या मुक्तीसाठी श्रमजीवी संघटनेला लढावे लागले. बेडीचे रूप पालटले, पण बेडी तुटली नाही. आज तिचे नाव उचल असे आहे.

या बेडीची घडण समजून घेतली पाहिजे. पावसाळ्यात रायगड-पालघरच्या कातकरी वाड्यांवर काम नसते आणि घरात धान्य नसते. नेमक्या त्या दिवसांत वीटभट्टीचा माणूस बयाणा घेऊन येतो. पावसाळा सरला की सारे कुटुंब भट्टीवर जाते. तेथे आठवड्याला खर्ची मिळते आणि मजुरीचा हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. तो हिशेब लिहिणारा मालक, वाचून दाखविणाराही मालक! बाकी निघाली की ती पुढच्या हंगामाच्या अंगावर पडते. बीड-अहिल्यानगरकडील ऊसतोड कामगाराची कथा याहून वेगळी नाही. तेथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाची उचल नवऱ्याच्या हातात पडते आणि बाईच्या श्रमाला हिशेबात स्वतंत्र नावही नसते. आजारपणाने एक दिवस खाडा झाला तर दंड कापला जातो. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. याची कारणे अनेक असतील. परंतु विश्रांतीचा एक दिवस जेथे अपराध ठरतो, त्या व्यवस्थेला या प्रकरणी निर्दोष सोडता येणार नाही.

ही वीट, ही साखर पुढे जाते कोठे? वीट आपल्या उपनगरांतील इमारतींत जाते. साखर बिस्किटांच्या, गोळ्यांच्या आणि मिठाईच्या कारखान्यांत जाते. मधल्या प्रत्येक टप्प्यावर एक बिल तयार होते, आणि प्रत्येक बिलाबरोबर मजुराचा चेहरा थोडा अधिक पुसट होतो. अखेरच्या खरेदीदाराच्या हाती उरतो तो निव्वळ दर. तो दर इतका कमी कसा, हे विचारण्याची गरज मग कोणालाच भासत नाही. दिव्याखालचा अंधार तो हाच.

‘आम्ही लहान माणसे, हे कायदे मोठ्यांसाठी,’ असे म्हणून कानांवर हात ठेवणाऱ्यांनी आपलाच कायदा एकदा वाचावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांतील कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी पन्नास वा अधिक कंत्राटी कामगार असतील तेथेच लागू पडतात, हे खरे. पण वेठबिगारी नष्ट करणारा १९७६ चा कायदा स्वतंत्रपणे जिवंत आहे, आणि त्यात माणसे मोजण्याची भाषाच नाही. एक मजूर बांधलेला असला तरी तो गुन्हा आहे; त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व दोन हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने वेठ आणि सक्तीचे श्रम निषिद्ध ठरविले आहेतच. दिल्लीच्या एशियाड बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली आणखी पुढे जाऊन सांगितले की, किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हे सक्तीचेच काम होय. भूक हीदेखील सक्तीच असते, हा त्या निर्णयाचा गाभा आहे.

मग लहान उद्योजकाने करावे तरी काय? प्रथम, आपला माल कोठून येतो याची यादी करावी आणि थेट पुरवठादाराच्या पलीकडे आणखी एक पायरी उतरून पाहावे. जेथे काम हंगामी, मजूर परमुलखातला आणि मध्ये मुकादम आहे, तेथे आधी जावे. तेथे मालकाला नव्हे, मजुराला विचारावे: उचल किती घेतली? ती कशी फिटते? मजुरी कोणाच्या हातात पडते? आधार कार्ड कोणाजवळ आहे? उद्या काम सोडून जावयाचे झाले तर जाता येईल काय? या प्रश्नांना विद्वत्ता लागत नाही. भट्टीपर्यंत जाण्याची तयारी लागते. पुढील करारात दोन अटी घालाव्यात. मजुरी प्रत्येकाच्या, आणि बाईची बाईच्याच, खात्यात जमा व्हावी. काम मिळवून देण्याबद्दल मजुराकडून पैसा घेतला जाऊ नये.

याहून अवघड गोष्ट दराची आहे. कायद्याने ठरलेली मजुरी देऊन जो माल परवडणारच नाही, अशा दराचा आग्रह धरणारा खरेदीदार गुलामगिरीला पाहुण्यासारखे आमंत्रण देत असतो. बिल महिनोन् महिने अडकवून ठेवणाराही तेच करतो. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करावीत, असे २००६ चा कायदा सांगतो. मोठ्या कंपन्या तो पाळत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या लहान उद्योजकाने आपल्या खालच्या पुरवठादाराला आपण किती दिवस ताटकळत ठेवतो, हेही तपासावे.

उचल मजूरच मागतो, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. मागतो, हे खरे; कारण पावसाळ्यात त्याला दुसरे कोणी उसने देत नाही. आगाऊ पैसे देणे हा गुन्हा नाही. त्या पैशांच्या जोरावर काम सोडण्याचा, अन्यत्र जाण्याचा वा पुरी मजुरी मागण्याचा हक्क काढून घेणे, हा गुन्हा आहे.

आणि असे काही आढळलेच तर? घाबरून त्या पुरवठादाराशी संबंध तोडावा आणि हात झटकून मोकळे व्हावे, हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग होय. त्याने कंपनीचा कागद स्वच्छ होतो. मजूर मात्र कामावाचून आणि कर्जासह तेथेच राहतो. योग्य मार्ग जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. १९७६ च्या कायद्याने वेठबिगाराचे कर्ज रद्द होते आणि त्याच्या सुटकेची जबाबदारी प्रशासनावर येते. २०१६ च्या केंद्रीय योजनेत पुनर्वसनासाठी एक ते तीन लाख रुपयांच्या साहाय्याची तरतूद आहे. मजूर सुटेपर्यंत आणि त्याची थकलेली मजुरी त्याच्या हाती पडेपर्यंत खरेदीदाराने पाठपुरावा केला पाहिजे.

युरोपच्या बाजारासाठी म्हणून हे करावयाचे असेल, तर तसे करावे. पण निर्यात न करणाऱ्याचीही यातून सुटका नाही. आपल्या घराच्या भिंतीतील वीट आणि आपल्या चहातील साखर परदेशी जात नाही. तिच्याविषयीची प्रश्नावली आपल्याला कोणी धाडणार नाही. ती आपणच आपल्यापुढे ठेवली पाहिजे, आणि तेथे ‘नाही’ लिहिण्यापूर्वी एकदा भट्टीवर जाऊन आले पाहिजे.