रुग्णसेवेचे शिक्षण : समतेची एक कसोटी

मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांतील रुग्ण दवाखान्याच्या दाराशी पोहोचतो, तेव्हा त्याने निम्मी लढाई आधीच लढलेली असते. माळशेजच्या पायथ्याच्या वाडीतून किंवा डोळखांबच्या आतल्या पाड्यातून निघालेली अडलेली बाई कधी झोळीतून, कधी जीपमधून, कधी १०८ च्या गाडीतून दवाखाना गाठते. तेथून पुष्कळदा तिला उल्हासनगरला, कळव्याला किंवा ठाण्याला पुढे धाडले जाते. या साऱ्या प्रवासात औषधाच्या आधी तिला एक गोष्ट मिळते, ती म्हणजे शब्द. केसपेपरच्या खिडकीवरचा शब्द, वॉर्डातला शब्द, डॉक्टरचा शब्द. तो शब्द माणुसकीचा असतो की हिडीसफिडीस करणारा असतो, यावर पुढच्या खेपेस ती त्या दारात पाऊल टाकील की घरीच जीव मुठीत धरून पडून राहील, हे ठरत असते.

दवाखान्याची इमारत मागण्यास, औषधे मागण्यास, रिकाम्या जागा भरा म्हणून अर्ज देण्यास आपली माणसे आता शिकली आहेत. परंतु दवाखान्यात काम करणाऱ्यांना रुग्णाशी व परस्परांशी कसे वागावे याचे शिक्षण द्या, ही मागणी आपल्या निवेदनांत क्वचितच आढळते. वैद्यकीय शिक्षणाच्या क्षेत्रात आज रुग्णकेंद्री सेवा आणि सहकारी नेतृत्व असे दोन शब्द रूढ झाले आहेत. पहिल्याचा अर्थ असा की, उपचार ठरविताना रुग्णाचे म्हणणे, त्याची परिस्थिती आणि त्याची संमती केंद्रस्थानी असावी. दुसऱ्याचा अर्थ असा की, दवाखान्यातील डॉक्टरपासून सफाई कामगारापर्यंत सर्वांनी एक संघ म्हणून काम करावे आणि ज्याला जे दिसते ते निर्भयपणे बोलता यावे. हे शब्द नवे असले तरी त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्याला नवा नाही. तो समतेचाच प्रश्न होय.

एका तापमापकाची कहाणी

पूज्य बाबासाहेबांनी आपल्या आठवणींच्या टिपणांत काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र उद्धृत केले आहे. ते १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापून आले होते. शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत येईना. गावच्या नगरशेटने दोन रुपये फीची हमी घेतली, तेव्हा तो एका अटीवर आला : रोग्याला वस्तीबाहेर आणावे. ओली बाळंतीण आणि तान्हे मूल वस्तीबाहेर आणण्यात आले. डॉक्टरने तापमापक एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो शिक्षकाला दिला, शिक्षकाने पत्नीला लावला आणि त्याच वाटेने परत केला. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्युमोनियाचे निदान केले, औषध धाडले आणि पुन्हा पाहावयास येण्याचे नाकारले. ती बाई मेली.

या कहाणीत डॉक्टर शिकलेला होता. तापमापक होता, निदान झाले होते, औषधही पाठविले गेले होते. म्हणजे वैद्यकशास्त्राची सारी साधने हजर होती. हजर नव्हता तो स्पर्श. छाती न तपासता, नाडी न पाहता, दोन शब्द न विचारता केलेले ते निदान विद्येचे खरे, पण सेवेचे नव्हे. आज कायद्याने अस्पृश्यता नष्ट झाली आहे आणि असा उघड नकार देण्याची कोणाची छाती होणार नाही. परंतु रुग्णाला हात न लावता, त्याच्या तोंडाकडे न पाहता, लांबूनच चिठ्ठी लिहून त्याची बोळवण करण्याची रीत नाहीशी झाली आहे असे कोण म्हणेल? कातकरी बाई ओसरीवर तिष्ठत बसते आणि मागून आलेला बऱ्या कपड्यांचा माणूस आत जातो, तेव्हा तोच तापमापक अजून हातोहात फिरत असतो.

तथागताचा दाखला

बौद्ध म्हणून आपल्याला या विषयाचे शिक्षण परदेशातून उसने आणण्याचे कारण नाही. विनयपिटकाच्या महावग्गात ते नमूद आहे. अतिसाराने पीडित झालेला एक भिक्षू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. भगवंतांनी विचारले, तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही? तो म्हणाला, मी भिक्षूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून करीत नाहीत. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. मग भगवंतांनी डोक्याकडून व आनंदाने पायांकडून धरून त्याला मंचकावर निजविले. नंतर संघ जमवून त्यांनी सांगितले की, ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने रुग्णाची सेवा करावी. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात तथागताच्या रुग्णांविषयीच्या या आस्थेला मुद्दाम जागा दिली आहे.

या प्रसंगातील तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. जो कोणाच्या उपयोगाचा नाही त्याची उपेक्षा होते, हा जगाचा नियम तेथे मोडला गेला. जो शास्ता होता त्याने हुकूम सोडून बाजूला न राहता ओझ्याचे एक टोक स्वतः उचलले. सहकारी नेतृत्व म्हणतात ते याहून वेगळे नाही. आणि एकट्याच्या दयेवर विषय न सोडता त्याचा नियम केला गेला : शिष्याने उपाध्यायाची शुश्रूषा करावी, तशीच उपाध्यायानेही शिष्याची करावी, कोणीच नसेल तर संघाने करावी.

चांगल्या परिचारकाची पाच लक्षणेही त्याच ठिकाणी सांगितली आहेत. त्याला औषध तयार करता यावे. पथ्य कोणते व अपथ्य कोणते हे त्याला कळावे. त्याने लोभाने नव्हे, मैत्रीने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, वांती काढताना त्याला किळस वाटू नये. आणि रोग्याला धीर देणारे बोलणे त्याला जमावे. पाचांपैकी पहिली दोन ज्ञानाची आहेत, उरलेली तीन वृत्तीची. आपल्या वैद्यकीय शिक्षणाने दीर्घकाळ पहिल्या दोहोंवर भर दिला आणि उरलेली तीन ज्याच्या त्याच्या संस्कारांवर सोडली. आणि ज्या समाजाचे संस्कारच जातीने घडविलेले, तेथे संस्कारांवर सोडणे म्हणजे जातीवर सोडणे होय.

उतरंड रुग्णाचा जीव घेते

दवाखान्यातही एक उतरंड असते. वर डॉक्टर, त्याखाली परिचारिका, त्याखाली औषधे देणारा, मग शिपाई, आयाबाई, सफाई कामगार. आणि दवाखान्याच्या उंबऱ्याबाहेर आशा. पुष्कळ ठिकाणी या पायऱ्या आणि जातीच्या पायऱ्या एकमेकींवर बेतलेल्या आढळतात. खालच्याने वरच्याला चूक दाखविली तर तो उद्धटपणा ठरतो. पण रुग्णाजवळ अधिक वेळ असतो तो खालचाच. रक्तस्राव वाढत आहे हे आधी आयाबाईला दिसते. घरात क्षयाच्या गोळ्या पडून आहेत हे आशेला ठाऊक असते. तिचे तोंड बंद ठेवणे म्हणजे दवाखान्याने आपलेच डोळे बांधून घेणे होय.

हे केवळ भावनेने म्हटलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी-यादी तयार केली व २००७-०८ मध्ये जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली. त्यांत दिल्लीचेही एक रुग्णालय होते. चीर देण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव व काम सर्वांना सांगावे, असे त्या यादीत एक कलम आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले. सारे श्रेय त्या एका कलमाचे नव्हे. परंतु ज्याने एकदा सर्वांसमक्ष आपले नाव उच्चारले, तो पुढे चूक दिसताच ‘थांबा’ म्हणू शकतो, हे त्यामागील तत्त्व आहे. ज्यांच्या पूर्वजांना नावाऐवजी जातीने हाक मारली जात असे, त्यांना नाव उच्चारण्याचे मोल कोणी समजावून सांगावयास नको.

याच उतरंडीचे दुसरे रूप २२ मे २०१९ रोजी मुंबईत दिसले. नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणारी आदिवासी डॉक्टर पायल तडवी हिने आत्महत्या केली. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला. त्याचा निवाडा न्यायालयाने करावयाचा आहे. परंतु एक प्रश्न न्यायालयाबाहेरही उरतो. सोबत काम करणाऱ्या डॉक्टर भगिनीला जेथे सुरक्षित वाटत नाही, तेथे खाटेवरच्या गरीब रुग्णाला कसे वाटेल?

आशा सेविकांचेही तेच. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि गावोगाव आशा नेमल्या गेल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांवर आशांचा आरोग्यक्षेत्रातील नेत्या म्हणून गौरव केला. त्याच महाराष्ट्राच्या आशांना २०२१ व २०२३ साली पुऱ्या मोबदल्यासाठी संप करावा लागला. जगाने जिला नेता म्हटले तिला बैठकीत बसावयास खुर्ची आहे की नाही, हे आपण आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन पाहावे.

शिक्षण कोणते, आणि कोठे?

२०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांना वृत्ती, नीती व संवाद हा विषय शिकविला जातो. हे पाऊल योग्य आहे. पण केवळ भावी डॉक्टरांना, तेही मोठ्या शहरांच्या वर्गखोल्यांत शिकवून भागणार नाही. संघाचे शिक्षण संघालाच एकत्र द्यावे लागते.

याचा पाठ महाराष्ट्रातच सापडतो. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. त्यांनी खेड्यातील, बहुतेक निरक्षर आणि पुष्कळशा दलित असलेल्या स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. निरनिराळ्या जातींच्या या बाया एकत्र शिकल्या, एकत्र जेवल्या. पाण्याचे हातपंप दलित वस्तीत बसविण्याचा आग्रह धरला गेला, म्हणजे साऱ्या गावाला तेथे येणे भाग पडावे. आरोग्य आणि समता यांचे शिक्षण त्यांनी वेगळे मानले नाही. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु त्याहून मोठी गोष्ट ही की, कालपर्यंत जिला वेशीबाहेर ठेवले तीच बाई गावाच्या बाळंतपणांची सूत्रधार झाली.

ठाणे जिल्ह्यालाही या वाटेचा अनुभव आहे. २००७ पासून महाराष्ट्रात आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत ठाणे होते. गावकऱ्यांनी आपल्या उपकेंद्राला लाल, पिवळा, हिरवा शेरा द्यावा आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमक्ष प्रश्न विचारावेत, अशी ती पद्धत होती. रुग्ण हा केवळ सेवेचा याचक नसून तिचा परीक्षकही आहे, हे तत्त्व तेथे मान्य झाले. ते तत्त्व आता शिक्षणात उतरले पाहिजे.

म्हणून आपली मागणी पुढीलप्रमाणे असावी. मुरबाडच्या आणि शहापूरच्या रुग्णालयांत डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता, गाडीचा चालक, सफाई कामगार व आशा यांना एकाच वर्गात बसवून शिक्षण द्यावे. त्या वर्गात शिकविणाऱ्यांपैकी एक कातकरी किंवा ठाकर बाई असावी आणि दवाखान्यात आपणास काय सोसावे लागले हे तिने आपल्या बोलीत सांगावे. आठवड्याला एक बैठक व्हावी व तीत सर्वांत खालच्या पायरीवरच्याने प्रथम बोलावे. पुढे धाडलेल्या रुग्णाची चौकशी धाडणाऱ्यानेच करावी.

यावर कोणी म्हणतील, शंभर रुग्णांमागे एक डॉक्टर, तेथे गोड बोलण्यास वेळ कोठे? रिकाम्या जागा भरल्याच पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. पण झिडकारण्यास लागणारा वेळ समजावण्यास लागणाऱ्या वेळाहून फारसा कमी नसतो. क्षयाच्या गोळ्या सहा महिने का घ्यावयाच्या हे ज्याला पाच मिनिटे बसून सांगितले नाही, तो दुसऱ्या महिन्यात गोळ्या सोडतो आणि अधिक अवघड रोग घेऊन परत येतो. वाचविलेली पाच मिनिटे अशी शतपटीने फेडावी लागतात.

आपल्या घरचा हिशेब

शेवटी दोन शब्द आपल्याच कुटुंबांना. आपली मुले-मुली आज परिचारिका आहेत, डॉक्टर आहेत, प्रयोगशाळेत व औषधांच्या खिडकीवर आहेत. ही बाबासाहेबांच्या चळवळीची कमाई आहे. परंतु त्या खिडकीवर बसलेला आपला मुलगा कातकऱ्याला ‘ए’ म्हणून हाक मारीत असेल, तर त्याने धम्म स्वीकारला असे कसे म्हणावे? शिकलेल्यांनी आपणास धोका दिला, ही बाबासाहेबांची १८ मार्च १९५६ ची आग्र्याच्या सभेतील व्यथा होती. पांढरा कोट अंगावर चढताच आपल्या खालची पायरी शोधू लागणारा तरुण ती व्यथा आजही ताजी करीत असतो. जातीच्या उतरंडीतून बाहेर पडण्यासाठी दीक्षा घेतली; तिच्यात एक पायरी वर चढण्यासाठी घेतली नाही.

ज्यांच्या घरी डॉक्टर-परिचारिका नाहीत त्यांनाही काम आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली आणि पुढे केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने ती राज्यांकडे धाडली. आपल्या आजाराची व उपचाराची माहिती मिळणे, आपले कागद मिळणे, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेता येणे, पुरुष डॉक्टर तपासीत असता स्त्री रुग्णाजवळ स्त्री हजर असणे, जात-धर्मावरून भेदभाव न होणे, हे हक्क तीत आहेत. विहारात वंदनेला जमतो तेव्हा महिन्यातून एकदा ही सनद मोठ्याने वाचावी. आजाऱ्यासोबत वस्तीतील एक लिहिता-वाचता माणूस दवाखान्यात जावा. तो आजारी बौद्ध आहे, कातकरी आहे की कुणबी, हे विचारू नये. आणि जेथे चांगली वागणूक मिळाली तेथे त्या परिचारिकेचे, त्या सफाई कामगाराचे नाव घेऊन आभार मानावेत. तेही शिक्षणच आहे.

भगवंतांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायांकडून त्या भिक्षूला उचलले. मुरबाडच्या दवाखान्यातील खाट उचलण्यासही दोन्ही टोकांना हात हवेत. त्यांपैकी एक टोक धरण्याची जबाबदारी धम्मदीक्षेने आपल्यावर टाकली आहे.