फाईल जिना चढते

मुंबईचे सचिवालय १९७५ साली ‘मंत्रालय’ झाले. शब्दांवर पोट भरणारा मी. मला वाटे, नावाबरोबर सत्ताही सचिवांकडून मंत्र्यांकडे गेली असेल! पण आमच्या कॉलेजातील एका दिवंगत शिपायाच्या पत्नीच्या निवृत्तिवेतनासाठी एका सरकारी खात्यात दोन वर्षे खेटे घातले, तेव्हा खरी वाट कळली. फाईल जन्मते खालच्या टेबलावर. तिथला सहायक टिपणी लिहितो. मग कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव असे जिने ती चढते. पैशांची बाब असली, की वित्त विभागाला वळसा! मंत्र्यांपुढे थोड्याच जातात.

अखेर त्या सहायकानेच विचारले, “सर, सेवापुस्तकात बाईंचं माहेरचं नाव आहे. लग्नाचा दाखला आहे का?”

बाईंनी पिशवीतून तो निमूटपणे काढला.